वर्गणी भरा, पण सभेलाही जा

वाचकाचं पत्र

“पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. बी.लिब. केलं आहे. शाळेत आठ हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत, पण ग्रंथालयाला बरेच दिवस कुलूपच असतं. कुणी शिक्षक रजेवर गेले की बदली तासाला मला पाठवतात, परीक्षा आल्या की कार्यालयात बसवतात. खरं सांगायचं तर उघडं असलं तरी मुलांना पुस्तकं घरी द्यायची मला भीती वाटते. मागच्या पडताळणीत काही पुस्तकं सापडली नाहीत, तेव्हा ‘तुमच्या पगारातून भरून घेऊ’ असं ऐकावं लागलं. आता एक मैत्रीण म्हणते, ग्रंथपालांच्या संघटनेची सभासद हो. घरचे म्हणतात, पगार केवढा आणि त्यात वर्गणी कसली? शाळेतले ज्येष्ठ लिपिक म्हणतात, संघटनांनी आजवर कुणाचं भलं केलंय? खरंच काही उपयोग असतो का? की मी आता बी.एड. करून शिक्षक व्हायचं बघू?”
– एक ग्रंथपाल, सिंहगड रस्ता

ताई, सप्रेम नमस्कार.

सभासद व्हा, हे माझं उत्तर आहे. पण नुसती वर्गणी भरून घरी बसलात, तर तुमच्या लिपिकांचं म्हणणं खरं ठरेल. त्यामुळे कुठल्या संघटनेकडून काय मागायचं आणि तिला स्वतःकडून काय द्यायचं, हे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला पगारापेक्षा आणि बदली तासांपेक्षाही जास्त लागली. मुलांना पुस्तकं द्यायची तुम्हाला भीती वाटते. अशी भीती असलेल्या तुम्ही एकट्या नाही. कितीतरी शाळांत पुस्तकं काचेच्या कपाटात नीट रांगेने उभी असतात, दाखल नोंदवही अद्ययावत असते, पडताळणीत एकही पुस्तक कमी भरत नाही आणि सातवीतल्या मुलाने वर्षभरात एकही पुस्तक घरी नेलेलं नसतं. कागदावर ते आदर्श ग्रंथालय ठरतं. ग्रंथपाल असं का वागतात? पुस्तक हरवलं तर जबाब त्यांना द्यावा लागतो. न वाचलं गेलं तर कुणी विचारत नाही.

आता हे ऐका. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, 2017 च्या आवृत्तीतल्या नियम 215 मध्ये, ग्रंथालयाच्या पडताळणीबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. वर्षभरात दिल्या-हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचं किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर चौकशी व्हायलाच हवी, हेही त्यात आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजार असतील तर निदान तीन वर्षांतून एकदा, असाही क्रम दिलेला आहे. म्हणजे तुमच्याकडे वर्षात तीन हजार वेळा पुस्तकांची देवघेव झाली, तर या हिशेबाने पंधरा पुस्तकं गहाळ होणं हे वापरात धरून चालायचं नुकसान आहे. त्यात ग्रंथपालाचा गुन्हा नाही. आणि गंमत अशी की देवघेव जितकी जास्त, तितकी ही सूटही जास्त. पुस्तक कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा ते मुलाच्या हातात देणाऱ्या ग्रंथपालाला हा नियम झुकतं माप देतो.

हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. तुमच्या संस्थेवर तो आपोआप बंधनकारक होत नाही. तुम्ही एकटीने त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलीत, तर ‘स्वतःची चूक झाकायला कुठला तरी नियम आणलाय’ असं वाटण्याचीच शक्यता जास्त. पण शहरातल्या शाळांच्या ग्रंथपालांनी मिळून शालेय ग्रंथालयांसाठी दोन पानी नमुना नियमावली केली, त्यात या नियमाचा आधार दिला, गहाळ, फाटलेली आणि बाद पुस्तकं निर्लेखित कशी करायची, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी कशी करायची, याचा अर्ज जोडला आणि ती संघटनेच्या शिक्क्यासह संस्थाचालकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना दिली, तर त्याच कागदाचं वजन बदलतं. मग ती एका बाईची तक्रार राहत नाही, व्यवसायाची रीत होते. व्यावसायिक संघटनेचं पहिलं काम मी हेच मानते: चांगलं काम म्हणजे काय, ते लेखी ठरवणं आणि ते करणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं.

आता तुमची मैत्रीण कुठल्या संघटनेबद्दल बोलतेय ते तिला नीट विचारा, कारण आपल्याकडे ‘संघटना’ या एकाच नावाखाली वेगवेगळी कामं करणारी मंडळं आहेत. शाळेतला ग्रंथपाल सेवाशर्तींच्या दृष्टीने शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोडतो, त्यामुळे संचमान्यता (शाळेला किती पदं मंजूर ते ठरणं), अर्धवेळचं पूर्णवेळ होणं, वेतनश्रेणी, थकबाकी हे प्रश्न शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेने लढायचे. ते काम मोलाचं आहे. कुणी ‘नुसत्या पगाराच्या संघटना’ म्हणून त्यांना नावं ठेवली, तर ऐकून घेऊ नका. दुसरीकडे महाराष्ट्र राज्य ग्रंथालय संघ आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतले ग्रंथालय संघ आहेत. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली चालणाऱ्या गावोगावच्या ग्रंथालयांचे ते संघ आहेत. त्यांचा जीव अनुदानात आणि दर्जावाढीत अडकलेला असणं साहजिक आहे. आणि तिसऱ्या असतात त्या व्यवसायाच्या संघटना. त्यात माणूस आपल्या विद्येसाठी सभासद होतो. भारतीय ग्रंथालय संघ 1933 मध्ये कोलकात्यात स्थापन झाला, तो या जातीचा.

पहिल्या संघटनेकडे बालवाचनावर कार्यशाळा मागितलीत आणि तिसऱ्या संघटनेकडे थकबाकीचा निकाल मागितलात, तर दोन्हीकडून निराश व्हाल. तुमच्या लिपिकांचा अनुभव बहुधा असाच काहीतरी असावा. पुष्कळदा लोक चुकीच्या दारात उभं राहून दार उघडत नाही म्हणून परत जातात. तुम्हाला पहिली आणि तिसरी, दोन्ही हव्यात. दोन्ही वर्गण्या एकदम झेपत नसतील तर यंदा कुठली भरायची ते शेवटी सांगते.

‘काय मिळालं?’ या प्रश्नाला मद्रासचं उदाहरण चांगलं उत्तर देतं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री बी.लिब.ला तुम्ही पाठ केली असेल. ते पुस्तक 1931 मध्ये प्रकाशित कुणी केलं? मद्रास ग्रंथालय संघाने. हा संघ 1928 मध्ये सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने ग्रंथपालांसाठी उन्हाळी प्रशिक्षण वर्ग काढला. पुढे तो वर्ग मद्रास विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा मात्र 1948 मध्ये झाला, म्हणजे संघ स्थापन होऊन वीस वर्षांनी. त्या वीस वर्षांत कुणीही सभासद ‘कायदा कुठंय?’ म्हणून विचारू शकला असता. पण मधल्या काळात माणसं शिकत होती, एकमेकांना ओळखत होती, आणि एका नोकरदार ग्रंथपालाच्या डोक्यातला विचार पुस्तक होऊन जगभर गेला, कारण ते छापायला त्याचा संघ उभा होता. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर एकोणीस वर्षांनी आला. संघटनेचं मोठं फळ उशिरा येतं, हे घरच्यांनाही सांगा. लहान फळं मात्र लगेच मिळायला हवीत. ती मिळत नसतील तर जाब विचारा.

बदली तासांच्या प्रश्नाकडे वळते. तो मुळात कायद्यातल्या एका रिकाम्या जागेतून आला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत म्हटलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असतील. छान वाक्य आहे. पण ते ग्रंथालय चालवणार कोण, हे तिथे लिहिलेलं नाही. शिक्षकांची संख्या मुलांच्या पटावर किती असावी याची कोष्टकं त्याच अनुसूचीत आहेत. ग्रंथपालाची ओळच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांची आणि सार्वजनिक ग्रंथालयं वाढवण्याची भाषा आहे. पुस्तकांची तरतूद करणारी वाक्यं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पुस्तकाशेजारच्या माणसाची सक्तीची तरतूद नाही. म्हणून तुमचा तास कुणालाही ‘मोकळा’ वाटतो.

इंग्लंडमध्ये याहून विचित्र स्थिती आहे. तिथे तुरुंगात ग्रंथालय असणं कायद्याने बंधनकारक आहे, शाळेत असणं नाही. मग तिथल्या संघटनांनी काय केलं? ग्रंथपालांची राष्ट्रीय संघटना आणि 1937 पासून काम करणारा शालेय ग्रंथालय संघ यांनी 2018 मध्ये एकत्र येऊन मोहीम सुरू केली, आणि त्या मोहिमेत मोजदादीला मोठं स्थान दिलं. कुठल्या शाळांत ग्रंथालय आहे, कुठे ग्रंथपाल आहे, त्याला कसं वागवतात, याचे नीट आकडे देशात कुणाकडेच नव्हते. आकडे हातात आल्यावर मागणीला धार आली.

पुण्यात हे करणं अवघड नाही. तुमच्या सिंहगड रस्त्यापासून कोथरूड, सदाशिव पेठ, पर्वतीपर्यंतच्या दहा-बारा शाळांतल्या ग्रंथपालांना गाठा. एका पानाचा तक्ता करा: पट किती, पुस्तकं किती, ग्रंथपाल पूर्णवेळ की अर्धवेळ की नाहीच, या महिन्यात ग्रंथालय किती तास उघडं होतं, ग्रंथपालाला किती तास दुसऱ्या कामाला जावं लागलं, किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली. शाळांची नावं तक्त्यात घालू नका, नाहीतर कुणी खरं सांगणार नाही. तीन महिने भरला की हा कागद संघटनेकडे द्या. राज्यपातळीवरच्या पदाधिकाऱ्यांना शिक्षण आयुक्तांपुढे जाताना असाच कागद लागतो आणि बहुतेकदा तोच त्यांच्याकडे नसतो. ‘शालेय ग्रंथपालांवर अन्याय होतो’ या वाक्याला फाइलीत जागा मिळत नाही, ‘महिन्यातल्या अमुक तासांपैकी तमुक तास ग्रंथालय बंद’ या वाक्याला मिळते.

आयुक्तांचं कार्यालय, बालभारती, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्र विभाग आणि जयकर ग्रंथालय, हे सगळं एकाच शहरात असण्याचं भाग्य राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या ग्रंथपालाला नाही. गडचिरोलीच्या ग्रंथपालाला ज्या टेबलापर्यंत पोचायला रात्रभर प्रवास करावा लागेल, तिथे तुम्ही पीएमपीच्या बसने जाऊ शकता. म्हणून पुण्यातल्या सभासदांवर थोडी जास्त जबाबदारी आहे, असं मला मनापासून वाटतं. 1848 पासून ग्रंथालय असलेलं हे गाव आहे. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात तेव्हाची. पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं. अशा गावात शाळेच्या ग्रंथालयाला कुलूप असावं, हे सहन व्हायला नको.

पालकांना मात्र विसरू नका. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहरात शाळांनी ग्रंथपालांचे तास कापले, तेव्हा तीन आयांनी मोहीम उभारली, सह्या गोळा केल्या, विधिमंडळापर्यंत गेल्या. 2008 मध्ये राज्याने शालेय ग्रंथालयांसाठी चाळीस लाख डॉलर मंजूर केले. त्या आया ग्रंथपाल नव्हत्या. पण आपली मुलं नेमकं काय गमावताहेत हे मांडायला त्यांच्या हाताशी ग्रंथपालांच्या संघटनांनी जमवलेली माहिती होती, कोलोरॅडोत 1993 मध्ये झालेल्या अभ्यासासारखे पुरावे होते. चांगलं ग्रंथालय आणि शिकलेला ग्रंथपाल असलेल्या शाळांतल्या मुलांचे वाचनाचे गुण चांगले असतात, असं त्या अभ्यासात दिसलं होतं. ग्रंथपालाने स्वतःचं पद वाचवा म्हटलं तर ते स्वार्थाचं वाटतं, आईने म्हटलं तर सगळे ऐकतात. तुमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात वाचणाऱ्या मुलांचे पालक असतीलच. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मुलांकडून कार्यक्रम करून घ्यालच. त्या दिवशी दारात एक पान लावा: कुठल्या इयत्तेने किती पुस्तकं नेली, ग्रंथालय किती दिवस उघडं होतं. कुणावर ठपका ठेवायची गरज नाही. पालक वाचतील आणि विचारतील.

लगेच मिळणाऱ्या लहान फळांबद्दल म्हणाले होते. संगणकावर नोंदी घ्यायच्या असतील तर कोहा ही मोफत प्रणाली आहे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आहे. दोन्ही चालवणारे ग्रंथपाल पुण्यातल्या महाविद्यालयांत आहेत आणि ओळख असेल तर शनिवारी दुपारी येऊन बसवून देतात. पैसे नसताना नवीन गोष्टी हव्या असतील तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी बालकथा मोफत वाचायला आणि छापून घ्यायलाही मिळतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक ऑनलाइन आहेत. अप्पा बळवंत चौकात कोण शाळांना चांगली सवलत देतो आणि कोण जुनी पडून राहिलेली पुस्तकं गळ्यात मारतो, हे तुम्हाला कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही, दुसऱ्या ग्रंथपालाकडूनच कळेल. एकट्या माणसाच्या शाळेत व्यवसायातलं बोलायला कुणी नसतं. शिक्षकांना शिक्षकखोली असते, लिपिकांना कार्यालय असतं. ग्रंथपालाची शिक्षकखोली म्हणजे ही संघटना.

बी.एड.चं. शिकवायची ओढ असेल तर जरूर करा, तो कमीपणाचा निर्णय नाही. पण बदली तासांचा कंटाळा आला म्हणून शिक्षक व्हायचं असेल, तर थोडं थांबा. तुम्ही पत्रात ‘उघडं असलं तरी पुस्तकं द्यायची भीती वाटते’ असं लिहिलंत. ज्याला हे काम नको असतं, त्याला कपाटं बंद असल्याचं दुःख होत नाही. तुमचं मन अजून ग्रंथालयातच आहे असं मला दिसतं. एक वर्ष सभासद म्हणून काम करून बघा, मग ठरवा.

आता वर्गणी. तुमचं पद अर्धवेळ आहे, तेव्हा यंदा एकच झेपणार असेल तर शिक्षकेतर संघटनेची आधी भरा, कारण नोकरी टिकली तर बाकी सगळं. आणि व्यावसायिक संघटनेच्या सभांना सभासद नसतानाही जा. बहुतेक ठिकाणी बसू देतात. पैसे देण्याआधी दोन्हीकडे विचारा: मागच्या वर्षी वार्षिक सभा झाली का, हिशेब सभासदांना दाखवला का, शालेय ग्रंथपालांसाठी वर्षात कोणती कामं केली, आणि कार्यकारिणीत शाळेत प्रत्यक्ष काम करणारं कुणी आहे का. निवृत्त आणि प्राध्यापक मंडळींचं मार्गदर्शन हवंच, पण सगळी कार्यकारिणी त्यांचीच असेल तर शाळेतल्या बदली तासाचा विषय पत्रिकेवर शेवटून पहिला येतो. वर्गणीची पावती घ्या. संघटनेची रीतसर नोंदणी आहे का तेही बघा. हे विचारल्याबद्दल कुणी नाराज झालं, तर दुसरी संघटना बघा.

सभेला जायला मुख्याध्यापक कर्तव्यरजा देतील का, ही तुमची पुढची अडचण असेल. सुरुवातीला मागूच नका, रविवारच्या किंवा शाळा सुटल्यानंतरच्या सभांना जा. परत आल्यावर अर्ध्या पानाचं टिपण करून मुख्याध्यापकांना द्या: तिथे काय ठरलं, त्यातलं आपल्या शाळेत काय करता येईल आणि त्याला किती खर्च येईल. पहिल्या टिपणात हरवलेल्या पुस्तकांचा तो नियम घाला, शक्यतो पुढच्या पडताळणीच्या आधी. दोन-तीन टिपणं त्यांच्या फाइलीत गेली, की मग कर्तव्यरजेचा अर्ज लिहा आणि त्याला संघटनेचं निमंत्रणपत्र जोडा.